बुरुजावरची हलगी

लिंबाजी,

तुझ्या शोकसभेत मी बोललो नाही. ग्रामपंचायतीसमोर मांडव घातला होता, फ्लेक्सवर तुझा फोटो होता, आणि ज्या माणसानं आयुष्यात तुला कधी बसायला खुर्ची दिली नाही त्यानं 'लिंबाजीराव' असा तीनदा उल्लेख केला. तुला 'राव' लागलेलं ऐकून मला हसू आवरेना, म्हणून मागच्या मागं उठून आलो. लोकांना वाटलं, बापूला गहिवरून आलं. तेही आलंच, पण जरा नंतर, मोटारसायकलपाशी. किल्ली लागेचना.

तू कधी जन्मलास, परळीला किती वर्षं नोकरी केलीस, कशानं गेलास, हे सगळं त्या मांडवात सांगून झालं. त्यातलं निम्मं चुकलंही. मला दुसरंच सांगायचंय. तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तुझ्या अंगणात जे घडलं ते तुला कळायला हवं. आणि ते सांगायचं तर आधी आपल्या गढीतल्या रात्रीबद्दल बोलायला हवं. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी पहिल्यापासून सांगणार. इतिहासाचा मास्तर होतो, सवय जात नाही.

धारूरच्या किल्ल्यापुढं आमची गढी म्हणजे हत्तीपुढं शेळी. चार बुरूज, त्यातले अडीच उभे. पांढऱ्या मातीच्या भिंती, एक दरवाजा, आत गवत. पण माझ्या चुलत्याच्या, आबाकाकाच्या तोंडून ऐकलं तर दिल्लीच्या खालोखाल आम्हीच. या गढीचा दरवाजाकडचा बुरूज म्हणे उभाच राहीना. दिवसा बांधायचे, रात्री ढासळायचा. शेवटी तुमच्या मातंग वस्तीतला एक माणूस पायाखाली जिवंत पुरला, तेव्हा बुरूज थांबला. तो माणूस तुझा पूर्वज आणि पुरणारे माझे. आमच्या घरात ही गोष्ट अभिमानानं सांगायचे, जणू सिमेंटचा दर्जा सांगतायत.

त्या माणसाचं नाव कुणालाच माहीत नाही. सगळे 'बुरूजबाबा' म्हणायचे. दसऱ्याला आमच्या घरचं ताट त्याच्यासाठी बुरुजाशी ठेवायचं आणि हात जोडून म्हणायचं, "बाबा, जागेवर राहा." मग मागं न बघता, दिवस बुडायच्या आत बाहेर. तुमच्या घराण्याला हलगीचा मान, पण दरवाजाबाहेर. कारण काय, तर तुमच्या रक्ताच्या कुणी उंबरा ओलांडला तर बाबा ओळखणार आणि मायेनं बोलावून घेणार. आमच्या रक्ताचं कुणी रात्री आत राहिलं तर बाबा सूड घेणार. रात्री साखळ्या वाजतात, असं गावात शंभर माणसांनी ऐकलं होतं आणि एकानंही बघितलं नव्हतं.

आपण आठवीत असताना तू मला विचारलं होतंस, "'जागेवर राहा' हे मेलेल्याला म्हणता का आमाला बे?" मी म्हणालो, मेलेल्याला. त्या प्रश्नाचं बरोबर उत्तर मला पुढं इतिहासात एम. ए. करूनही सापडायला वेळ लागला.

मग तो दसरा आला. तुझी सुरेखा तेव्हा सात वर्षांची होती. तू बाहेर वाजवत होतास, ती तुझ्या पायाशी बसली होती, आणि एक शेळीचं पिल्लू दरवाजातून आत पळालं. पोर त्याच्यामागं पळाली. एवढंच. पिल्लू काखेत घेऊन हसत बाहेर आली, तेव्हा समोरची दोनशे माणसं मागं सरकली होती. आबाकाकाचा फेटा थरथरत होता. "लिंबाजी, पोरीला जपा. सात दिवस," असं तो म्हणाला, ज्या आवाजात डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात त्या आवाजात.

तिसऱ्या दिवशी तिला ताप आला. त्या आठवड्यात निम्म्या गावातल्या पोरांना ताप होता, पण त्यांचा ताप नुसता ताप होता. तुझ्या गयाबाईनं चार रात्री पोरीचा हात सोडला नाही. ताप उतरला. पोर उठली, भाकरी मागून खाल्ली. गोष्ट संपायला हवी होती. पण दिवाळीनंतर शाळेत तिच्या शेजारी कुणी बसेना. 'बुरुजाची' असं नाव पडलं. गुरुजींनी तिला खिडकीपाशी एकटीला बसवलं, 'बाकीच्यांच्या मनाला बरं'. ती घरी येऊन तुला म्हणाली, "बा, मी मेलेय का?"

हे तू मला सांगितलंस तेव्हा मी नाताळच्या सुट्टीत गावी आलो होतो. तू आमच्या ओट्यावर बसला नाहीस. उभ्यानंच म्हणालास, "आवसेला मी गढीत झोपणार हाय. तू येतो का न्हाई?"

"अमावास्याच कशाला? थंडी मरणाची आहे."

"पुनवंला झोपलो तर म्हणतील, त्या दिवशी बाबा सुट्टीवर व्हता."

मी म्हणालो, माझा भुतांवर विश्वास नाही. तू म्हणालास, "मग तुला काय अडचण हाय? तुझा न्हाई आन् माझा हाय, तरी मी चाललोय."

आबाकाकानं किल्ली दिली, पण तासभर भाषण करून. घराणं, परंपरा, जबाबदारी. शेवटी म्हणाला, "बापू दरवाजातून जाईल. लिंबाजीनं मागच्या खिंडारातून जावं. रीत आहे." मी तुझ्याकडं बघितलं. तू अत्यंत नम्रपणे म्हणालास, "आबासाहेब, मरायलाच चाललोय, तर नीट दारातून जाऊ द्या की." काकाला यात गैर काही सापडेना. फेटेवाल्या माणसाला नम्रतेनं कसं अडकवायचं, हे मी तुझ्याकडून शिकलो.

दिवस मावळताना कुलूप उघडलं. मी आत गेलो आणि तू उंबऱ्यावर थांबलास. बराच वेळ. मला वाटलं, घाबरलास. मनातून बरंही वाटलं, म्हणजे परत फिरता येईल.

"का रे थांबलास?"

"थांबलो न्हाई. बघून घेतो. माझ्या बापानं हितं चाळीस वर्षं हलगी वाजवली. त्याला हे आतलं कदी दिसलं न्हाई."

आत बघण्यासारखं काही नव्हतं रे. गवत, पडकी भिंत, एक बाभूळ. पण तू असा बघत होतास की मलाही नीट बघावं लागलं. मग तू चप्पल न काढता आत आलास.

गयाबाईनं दिलेली भाकरी आणि ठेचा आपण बुरुजाच्या पायथ्याशी बसून खाल्ला. तिची आणि तुझी एक बोली झाली होती: सकाळी जिवंत असलास तर हलगी वाजवायची. म्हणून हलगी बरोबर होती, गोधडीत गुंडाळलेली. तू शेकोटी पेटवलीस. माझे दात वाजत होते, आणि मी सगळं थंडीवर ढकलत होतो.

"बापू, मला तो मायेनं नेणार आन् तुला रागानं."

"हं."

"म्हंजे गाडी एकच. तू मागल्या शिटावर."

हसून हसून माझ्या डोळ्यात पाणी आलं. आणि त्याच वेळी साखळी वाजली.

वाजली, लिंबाजी. बुरुजाच्या आतून, खालून, खळ्ळ खळ्ळ करत. थांबली. परत वाजली. मी पस्तिशी ओलांडलेला, चार विद्यापीठांच्या ग्रंथालयांत बसलेला, अंधश्रद्धेवर दोन व्याख्यानं दिलेला माणूस. मी तुझा हात धरला. नुसता धरला नाही, दोन्ही हातांनी पकडला. तू उठलास. माझ्यासकट उठलास. पेटतं लाकूड घेऊन बुरुजाच्या पोटातल्या भगदाडापाशी गेलास आणि मोठ्यानं म्हणालास, "आज्या, मी लिंबाजी. नातवंडाला भेटायचं तर भायेर ये. माझ्या लेकराला तरास दिऊ नको."

मी कितीतरी भाषणं ऐकली, काही स्वतः केली. एवढं सरळ वाक्य कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

आणि भगदाडातून तो बाहेर आला. साळिंदर. काटे उभारलेलं, आपल्या दोघांपेक्षाही जास्त भेदरलेलं. काटे एकमेकांवर आपटून खळखळत होते, अगदी साखळी ओढल्यासारखे. पिढ्यान्‌पिढ्या दसऱ्याचं ताट सकाळी रिकामं सापडायचं आणि 'बाबा जेवले' म्हणून आमच्या घरात समाधान पसरायचं; तो हा जेवणारा. आपल्याकडं पाठ करून फुरफुरला आणि गवतात निघून गेला. तू जाग्यावर बसलास. हसत होतास की रडत होतास, अंधारात मला ठरवता आलं नाही. तसाच म्हणालास, "आज्जा काटेरी निघाला बे."

मग तू झोपलास. खरोखर झोपलास, घोरलासही. मी पहाटेपर्यंत जागा होतो. गावात मात्र तू सगळ्यांना सांगितलंस, "बापू तर दगडागत झोपला व्हता." माझ्या हाताबद्दल तू वीस वर्षांत चकार शब्द काढला नाहीस. भांडणातसुद्धा नाही. मी तुझे आभार मानायला हवे होते. लाज वाटायची, म्हणून राहून गेलं. आता सगळ्यांसमोर लिहून टाकतो: मी घाबरलो होतो, आणि तू झाकलंस.

उजाडताना तू हलगी निखाऱ्यांवर धरलीस. कातडं तापून ताणलं गेलं, तू बोटानं टिचकी मारून ऐकलंस, आणि चढायला लागलास. त्या बुरुजावर जायला पायऱ्या उरलेल्या नव्हत्या. तू मातीत बोटं रुतवून चढलास, हलगी दातात धरून. वर उभा राहिलास, सूर्य अजून डोंगराच्या पलीकडं होता, आणि तू वाजवायला लागलास.

तशी हलगी मी पुन्हा ऐकली नाही. लग्नातली नव्हती, मिरवणुकीतली नव्हती, कुणाला वर्दी देणारी नव्हती. तुझ्या घराण्यानं इतकी वर्षं बाहेर उभं राहून जे वाजवलं होतं, ते तू आतून, वरून, सगळ्या गावाच्या डोक्यावर वाजवत होतास. खाली घराघरांची दारं उघडली. वस्तीतून पहिली धावत आली ती गयाबाई. केस मोकळे, पायात काही नाही, एका हातात सुरेखा. दरवाजात क्षणभरसुद्धा थांबली नाही. सरळ आत. तिच्यामागं बाया, त्यांच्यामागं माणसं. पोर खालून ओरडत होती, "माझा बा! त्यो माझा बा हाय!" जणू कुणाला माहीतच नव्हतं.

आबाकाकाही आला. फेटा बांधून, बरोबर दोन गडी आणि एक झेंडूचा हार. तो हार आपल्या दोघांच्या गळ्यात घालायला आणला होता की फोटोला, हे त्यानं कधी सांगितलं नाही. साळिंदराची हकीकत ऐकून म्हणाला, "म्हणजे बाबांनी ते रूप घेतलं." तू वरूनच ओरडलास, "मग आबासाहेब, पुढल्या दसऱ्याला ताटात कंदमुळं ठिवा. त्येला पुरणपोळीनं वात हुईल." गाव हसलं. आबाकाकाही हसला, म्हणजे मिशी हलली.

शाळेत त्या दिवसापासून सुरेखाशेजारी बसायला भांडणं व्हायला लागली. पुढल्या दसऱ्याला तू दरवाजातून वाजवत आत गेलास आणि दरवर्षी जात राहिलास. दिवस बुडाला की कुलूप मात्र लागायचं. तेवढं काकानं सोडलं नाही आणि आपणही ताणलं नाही.

ताणलं ते एकमेकांशी. तीन वर्षांपूर्वी तू म्हणालास की बुरुजावर एक दगड बसवू, 'इथं आमचा माणूस पुरला' असा. मी म्हणालो, पुरावा काय? अशी गोष्ट प्रत्येक किल्ल्याला चिकटलेली असते, खणल्याशिवाय काही म्हणता येत नाही. तू शांतपणे भाकरीचा तुकडा खाली ठेवलास.

"आमाला भायेर ठिवायचं व्हतं तंवर खरी व्हती. आता दगड बसवायचा म्हणलं की दंतकथा झाली व्हय रे सरकार?"

तू मला 'सरकार' म्हटलंस म्हणजे संपलंच. सहा महिने आपण बोललो नाही. नंतर बोललो, चहा प्यालो, पण त्या विषयाला पुन्हा हात लावला नाही. पुराव्याचा नियम बरोबर आहे, मी आजही तेच म्हणेन. पण तो नियम मी माझ्या काकाला कधी लावला नव्हता. लहानपणापासून त्याच्या मांडीवर बसून ती गोष्ट ऐकली आणि एकदाही विचारलं नाही, पुरावा काय? तुला मात्र पहिल्या वाक्याला विचारलं. तू बरोबर होतास, लिंबाजी. हे मी तुझ्या घरी येऊन, ओट्यावर बसून म्हणायला हवं होतं.

आता तिसऱ्या दिवसाचं सांगतो.

अंगणात बाया बसल्या होत्या. सुरेखा होती, अंबाजोगाईला दवाखान्यात नर्स आहे ती आता, मांडीवर तिची स्वतःची चार वर्षांची पोर. आणि सोनाबाई म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "शेवटी बुरुजानं नेलंच गं लिंबाजीला."

मी पुरुषांकडं बसून बघत होतो. एका बाईनं आपलं पोर जवळ ओढलं. दुसरी पुटपुटली, "औंदा दसऱ्याला आत नगं बाई." कुणाची तरी नजर सुरेखाच्या लेकीकडं गेली आणि तिथंच राहिली. तू एका रात्रीत जे मिळवलंस ते एका वाक्यात निघून चाललं होतं, आणि मी, व्याख्यानं देणारा, तोंड उघडू शकलो नाही.

सुरेखानं पदरानं नाक पुसलं. "वीस वर्सं लागली व्हय मावशे? बुरूज काय पायी आला का?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि दचकून थांबलं.

"माझ्या बाला शुगर व्हती. गोळ्या खायचा न्हाई, चोरून पेढे खायचा. ते पेढ्यावाल्याला बोला. बुरुजाचं नाव घेऊ नका." मग तिनं लेकीला खांद्यावर टाकलं. "तेरावं झालं की त्या राती मी हिला घेऊन गढीत झोपणार हाय. यायचं त्यानं यावं, न्हाई त्यानं घरी भ्यावं."

किल्ली मागायला ती स्वतः आबाकाकाकडं गेली, मी नुसता मागं. काका आता शहाऐंशी वर्षांचा आहे, पण कुणी येणार म्हटलं की आधी फेटा मागतो. म्हणाला, "काही झालं तर जबाबदारी कोणाची? लेखी द्या." सुरेखानं तिथंच वहीचं पान फाडून लिहिलं: 'आम्ही आमच्या खुशीनं झोपणार आहोत.' काकानं त्यावर मंजुरीची सही केली. किताबांसकट. पान पुरलं नाही, मागं उलटावं लागलं. मग त्यानं किल्ली काढली, माझ्याकडं धरली, हात तसाच हवेत थांबवला आणि तिच्याकडं वळवला. "तुझा बाप चांगलं वाजवायचा," म्हणाला. घराण्याच्या इतिहासात एवढं लहान भाषण त्यानं कधी केलं नसेल.

काल तेरावं झालं. मी हिशोब केला होता की सुरेखा, तिची लेक, गयाबाई आणि मी, असे चौघं असू. म्हणून सतरंजी, पाण्याची बाटली, बॅटरी असं घेऊन निघालो. मनातल्या मनात थोडं शूरही वाटत होतं. दरवाजापाशी पोचलो तर आतून आवाज येत होते. एक तान्हं रडत होतं. दोन माणसं मच्छरच्या कॉइलवरून भांडत होती. कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं लागलं होतं आणि तिघीचौघी ते बंद करायला सांगत होत्या.

सगळी वस्ती होती, लिंबाजी. आणि वस्तीच नव्हे, वरच्या आळीतलीही दहा-बारा घरं. वैशाखाचा उकाडा, गावात लाइट गेलेली, आणि गढी उंचावर. भिंतीपासून भिंतीपर्यंत गोधड्या. सुरेखाची पोर बाभळीखाली पाय फाकून झोपली होती, तिच्याभोवती आणखी सहा पोरं. गयाबाई त्यांच्यावर पदरानं वारा घालत होती. मला बघून नुसती मान हलवली. तिचे डोळे कोरडे होते आणि चेहरा हलगीच्या त्या सकाळसारखा होता. आणि बुरुजाच्या अगदी पायथ्याशी, सगळ्यात मोक्याच्या जागेवर, सोनाबाई म्हातारी हातपाय पसरून पडली होती.

"मावशे, जरा सरका."

"कुठं सरकू? हितं वारं लई चांगलं हाय, मी सांजच्यापून जागा धरलीय. तुमचं घर मोठं हाय सरकार, तिकडं झोपा की."

मी सतरंजी काखेत घेऊन पूर्ण एक चक्कर मारली. आमच्या पूर्वजांच्या गढीत मला पाठ टेकायला हातभर जागा मिळाली नाही. तेव्हा निघालो. बाहेर आल्यावर इतक्या वर्षांच्या सवयीनं माझा हात दरवाजाच्या फळीवर गेला, तर आतून अंधारातून चार-पाच जणी एकदम ओरडल्या, "ओ, दार लावू नका! वारं येऊ द्या!"